खंडेनवमीला आलेला बाक

पेशंटच्या फॉर्मवर ‘तुमचं ध्येय काय?’ असा एक रकाना असतो. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा मला तो रकाना म्हणजे इंग्रजांचे चोचले वाटायचे. नागपुरात कुठलाही पेशंट ध्येय सांगत नाही. तो म्हणतो, “मॅडम, लय दुखून राहिलं, कमी करा.” इथे मात्र मनगट मोडलेल्या बायका त्या रकान्यात मनापासून लिहायच्या: भरलेली किटली उचलणे, ब्लाउजची बटणं लावणे, नातवाला कडेवर घेणे. मी वाचायचे आणि कामाला लागायचे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, एप्रिल महिन्यात, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. उजवं मनगट फेब्रुवारीत मोडलेलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये, आणि त्या काळात खांदाही आखडून बसलेला. त्यांनी रकान्यात नुसता आकडा लिहिला होता: पंचेचाळीस पाउंड. मला वाटलं, बाईंना वजन उतरवायचंय. मी सांगून टाकलं की डायटिशियन दुसऱ्या मजल्यावर बसते.

“मी जाड नाही,” बाई म्हणाल्या. “मला धनुष्य ओढायचंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. धनुष्य म्हणजे इथला जुना लाकडी लाँगबो, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. त्याची दोरी गालापर्यंत ओढायला पंचेचाळीस पाउंडांचं बळ लागत होतं. ते धनुष्य त्यांच्या नवऱ्याने त्यांच्यासाठी केलेलं. तो आठवडाभर सुतारकाम करायचा आणि शनिवार-रविवार धनुष्यं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. गावात तिरंदाजांचा छोटासा क्लब होता. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोसम सुरू व्हायचा आणि पहिला बाण या नवरा-बायकोने मारायचा, अशी तिथली रीत. तो गेल्यावर त्या एकट्या मारायच्या. या वर्षीचा मे तर हुकणारच होता.

“पुढच्या मेमध्ये जमलं नाही, तर धनुष्य भिंतीवर टांगणार आणि क्लबात पाऊल टाकणार नाही,” त्या म्हणाल्या. ही धमकी त्या मला देत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही, पण ती खरी होती एवढं नक्की.

हात मोडला कसा, तर शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला तेव्हा हातात हेच धनुष्य होतं. बाईंनी धनुष्य वर धरलं आणि स्वतः हातावर आदळल्या. मी विचारलं, “आणि धनुष्याचं काय झालं?” तर म्हणाल्या, “टोकाची शिंगाची टोपी फुटली. लाकडाला ओरखडा नाही.” हे सांगताना चेहऱ्यावर असा अभिमान, की मोडलेलं मनगट म्हणजे किरकोळ खर्च.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते, आणि आईचं बहुतेक खरं असतं. जुलैपर्यंत मी बाईंकडून खांद्याचे आणि मनगटाचे सगळे व्यायाम करून घेतले. त्यांनीही एक दिवस चुकवला नाही. पण सत्तरीतला खांदा एका हद्दीपर्यंतच येतो. शेवटच्या भेटीत मी स्पष्ट सांगितलं, “पंचेचाळीस विसरा. पस्तीसच्या वर हा खांदा जाणार नाही. हलकं धनुष्य घ्या.”

“दुसरं धनुष्य?” बाईंनी असं विचारलं, जणू मी त्यांना दुसरं लग्न करायला सांगितलं होतं.

“हो, दुसरं. लोक दुसरा गुडघा बसवून घेतात, तुम्हाला दुसरी काठी चालत नाही?”

काठी म्हणायला नको होतं. बाईंनी कोट घातला, गुंडी लावली. मी फॉर्मवर ‘ध्येय: अपूर्ण’ असं लिहिलं आणि त्यांची फाइल बंद केली. दारात पोचल्यावर त्या वळून म्हणाल्या, “तुझ्या हातात जोर आहे. मला कानस चालवायला माणूस हवं आहे. शनिवारी काय करतेस?”

शनिवारी मी काहीच करत नव्हते. नवरा रीडिंगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये होता. रोज ट्रेनने जाऊन-येऊन तो इतका दमायचा की शनिवार झोपण्यातच घालवायचा. मी आमची सेकंडहँड गाडी काढली आणि अर्ध्या तासावरच्या त्यांच्या गावी गेले.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, मला नावाने हाक मार. आता आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही केल्या वळेना. मिसेस अमुक म्हटलेलं त्यांना आवडेना. शेवटी मी कुठलीच हाक न मारता काम भागवायला लागले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि बोलायला सुरुवात करायचे. पाठमोऱ्या असतील तर खोकायचे. पुढे त्या विचारायच्या, “तुझा खोकला बरा होत नाही का गं?”

बाईंच्या नवऱ्याची शेड मागच्या बागेत होती. तीन वर्षांत बाईंनी तिथलं काहीच हलवलं नव्हतं. पटाशा धारेप्रमाणे लावलेल्या, कोपऱ्यात यूच्या लाकडाचे लांब ओंडके उभे. यू हे इथल्या चर्चच्या आवारात असतं ते काळपट हिरवं झाड. त्याचं सालीलगतचं लाकूड पांढरट आणि ताणलं जाणारं, गाभ्याचं तांबूस आणि दाब सोसणारं. धनुष्यात दोन्ही थर शेजारी-शेजारी ठेवतात, पांढरा बाहेर, तांबूस आत. झाड विषारी आहे. भुसा तोंडात गेलेला चालत नाही, त्यामुळे चहाच्या आधी बाई शाळेतल्या मास्तरणीसारखे माझे हात तपासायच्या.

यूचं लाकूड तसं मऊ असतं. दोरी सरळ त्यात अडकवली तर ती लाकूड चिरत जाते. म्हणून दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या बसवतात आणि दोरीची खाच त्या टोप्यांत पाडतात. बाईंच्या धनुष्याचं वरचं टोक उघडं पडलं होतं. काम कसं करायचं हे त्यांना पाठ होतं, तीस वर्षं बघितलं होतं. पण मनगटाला कानशीचा एक फेराही धड जमत नव्हता. तेव्हा डोकं त्यांचं आणि हात माझे, असा करार झाला.

डब्यात शिंगांची टोकं होती, काळी, म्हशीची. कुठून येतात विचारलं तर म्हणाल्या, “इंडियातून.” मी म्हटलं, बघा, यांना व्हिसाही लागला नाही. त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळूनही आवडला नाही.

शिंगावर कानस फिरवली आणि जो वास सुटला, त्याने मी थेट मामाच्या गावी गेले. पोळ्याच्या आधी तिथे बैलांची शिंगं साळायचे, तेव्हा गोठ्यात हाच वास असायचा, केस जळल्यासारखा. आम्ही मुली नाक दाबून बघायचो. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे शिंगं बैलाच्या डोक्यावर असतानाच तासतात आणि मग रंगवतात. त्या म्हणाल्या, “आणि बैल उभा राहतो?” मी म्हटलं, “त्या दिवशी त्याला पुरणपोळी मिळते.” हे मात्र त्यांना पटलं.

पहिल्या टोपीला मी भोक पाडताना घाई केली आणि ड्रिल बाजूने बाहेर आलं. दुसरी छान जमत आली होती, पण एका बाजूला गाठीसारखा उंचवटा राहिला, तो काही जाईना. मी चिडून कानस अशी रेटली की शिंगातून धूर यायचा बाकी राहिला, आणि टक्कन कड उडाली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “गरम झालंय. तूही.”

अति घाई संकटात नेई, हे आपल्याकडे घाटात पाटीवर लिहिलेलं असतं, शेडमध्ये कुणी लिहीत नाही. तिसऱ्या टोपीला मी तीन शनिवार लावले. धनुष्याचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं केलेलं असतं आणि टोपीच्या आतलं भोकही तसंच निमुळतं. दोन्हींत कुठेही फट राहता कामा नये. त्यांचा नवरा मेणबत्तीच्या काजळीने तपासायचा, असं बाईंनी सांगितलं. मेणबत्ती सापडेना. मग मी पर्समधली काजळाची पेन्सिल काढली, आतून फिरवली, टोपी लाकडावर बसवून पिळली आणि काढली. जिथे घासत होती तिथे लाकडावर बारीक काळा डाग उमटला. तेवढंच कानशीने घ्यायचं, पुन्हा काजळ. असं पंधरा-वीस वेळा. बाईंनी पेन्सिल हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, ही कुठल्या दुकानात मिळते.

ऑगस्टच्या शेवटी टोपी चिकटवली, गोल कानशीने खाच पाडली, बारीक तारेच्या घासणीने घासली, तेल लावलं. काळ्या शिंगात मधाच्या रंगाची एक रेघ निघाली. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी घरी येऊन माझ्या नवऱ्याला उठवून खिडकीशी नेलं आणि मोबाइलवरचा टोपीचा फोटो उजेडात दाखवला. तो म्हणाला, “नाइस. पण हे आहे काय?”

सप्टेंबरात दोरी चढवली. बाईंनी धनुष्य स्प्रिंगच्या काट्याला अडकवलं, म्हणजे ओढताना किती जोर लागतोय ते दिसेल. हा काटा शेडच्या दाराशी खिळ्याला असायचा. त्यांनी ओढलं. काटा तीसवर गेला, बत्तीसवर गेला, तिथे थरथरला. दोरी गालापासून अजून वीतभर लांब. पुन्हा एकदा, पुन्हा तेच. मग त्या खोक्यावर बसल्या आणि मनगट चोळत राहिल्या. मला ते बघवेना.

एव्हाना मला थोडं कळायला लागलं होतं. धनुष्याच्या आतल्या बाजूने मोजक्या तासण्या काढल्या, की लाकूड पातळ होतं आणि ओढ दहा-एक पाउंडांनी उतरते. धनुष्यवाले हे रोज करतात. मी म्हटलं, “अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही सांगा तसं मी तासते.”

बाईंनी धनुष्य उजेडात धरलं आणि माझं बोट त्याच्या पोटावरून फिरवलं. बारीक बारीक पैलू लागले. एका जागी गाठ होती. तिथे नवऱ्याने लाकूड न कापता उंचवटा तसाच ठेवला होता. “तो इथे थांबला,” त्या म्हणाल्या. “या प्रत्येक जागी त्याने ठरवलं, की आता पुरे. त्याच्यापुढे माझा हात जाणार नाही. तुझा तर नाहीच नाही.”

“मग टांगा भिंतीवर!” मी म्हटलं. “तासू द्यायचं नाही, ओढवत नाही, दुसरं घ्यायचं नाही. मग पूजाच करा त्याची!”

वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा पीळ मेलेल्या माणसाच्या मायेचा होता, त्याच्यावर मी कोण ओरडणार?

पण तोच शब्द मला पुढे घेऊन गेला. नवरात्र बसलं होतं. पुढच्या शनिवारी गेले ती मान खाली घालूनच, आणि चहा पिताना त्यांना सांगितलं की आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. खंडेनवमी. शस्त्रं, अवजारं, ज्यावर पोट चालतं ते सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, त्या दिवशी त्याला विश्रांती. बाईंनी कप खाली ठेवला. “अवजारांना सुट्टी?” त्यांनी विचारलं. मग शेडमधून धनुष्य आणलं आणि म्हणाल्या, “याच्यासाठी कुणी कधी प्रार्थना केली नाही. घेऊन जा.”

धनुष्य हिरव्या कापडात गुंडाळून देताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. काम झालं की दोरी लगेच उतरवायची. आणि उष्णतेपासून लांब ठेवायचं. “ताणलेलं ठेवलंस तर लाकूड तसंच राहायला शिकतं,” त्या म्हणाल्या. मी दोन्ही वेळा मान हलवली. वर म्हटलं, “मला काय लहान समजता?”

खंडेनवमी रविवारी होती. सकाळी मी पाट मांडला. सांध्यांचे कोन मोजायचं माझं यंत्र, नवऱ्याचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, गाडीची किल्ली. धनुष्य सहा फुटी. आमच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात एकच मोकळी भिंत होती, खिडकीखालची. तिथे खोली गरम करणारा रेडिएटर, पण तेव्हा बंद. मी धनुष्य त्यालाच टेकवून उभं केलं.

“पडद्याचा रॉड वाटतोय,” नवरा म्हणाला.

खरंच तसं दिसत होतं. दोरी उतरवलेला लाँगबो म्हणजे जवळजवळ सरळ काठी. माझ्या मनाला काही ते पटेना. मी कॉलिंग कार्डाने आईला फोन लावला.

“काय करून राहिली?” आईने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “अगं, रामाच्या फोटोत धनुष्याची दोरी कधी सुटलेली पाहिलीस का? पूजेला हत्यार कसं, सज्ज पाहिजे.”

आता रामाच्या फोटोशी कोण वाद घालणार! मी मनात म्हटलं, आरतीपुरतं चढवू. नवऱ्याला एक टोक धरायला लावून दोरी चढवली. धनुष्याला डौलदार कमान आली. माझ्या शिंगाच्या टोपीला मी हळदीचं बोट लावलं आणि छाती फुगली. आरती झाली. आईला परत फोन केला, झालं म्हणून सांगायला. ती म्हणाली, “छान. आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवू नको हं. मांडलेली पूजा मधेच मोडत नाहीत.”

मी जगात सगळ्यांशी भांडते. हॉस्पिटलात सर्जनशीसुद्धा भांडलेय. पण पूजेच्या बाबतीत आईपुढे माझी बोलती बंद होते. मी स्वतःला समजावलं, एक दिवसाने काय होतंय? देवाचंच तर काम आहे. दुपारी हवा एकदम गार झाली. नवरा म्हणाला, “अगं, फ्रीझिंग आहे इथे, हीटिंग ऑन करतोय. टायमरवरच ठेवतो, उद्या तू ड्यूटीवरून येशील तेव्हा घर वॉर्म असेल.” मी स्वयंपाकघरातून “बरं” म्हटलं.

संध्याकाळी त्याच्या ऑफिसचा फोन आला. सर्व्हर डाउन. त्याने पाटावरून लॅपटॉप उचलला, फुलं झटकली आणि सोफ्यावर बसला.

“अरे, पूजा मोडलीस!” मी ओरडले.

“सर्व्हरला नवमी कळत नाही,” तो म्हणाला.

त्याच्याशी मी तासभर बोलले नाही. ज्याने नियम मोडला त्याचा लॅपटॉप ठणठणीत राहिला, आणि मी नियम पाळत बसले.

सोमवारी, दसऱ्याला, माझी ड्यूटी होती. संध्याकाळी घरी आले, उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या आणि दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालंच नाही. मला वाटलं, होईल हळूहळू. जमिनीवर ठेवलं तर मधे तीन बोटांची फट. नवऱ्याने विचारलं, “पुस्तकं ठेवू का वर? सरळ होईल?” लाकडाला हात लावला तर ते कोमट होतं. मग मी लहान मुलीसारखी रडले. त्या बाईने हात मोडून घेऊन जे वाचवलं होतं, ते मी हळदकुंकू लावून वाकवलं होतं. मित्रांकडे सोनं द्यायला जायचं ठरलं होतं, तिथे गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि धनुष्य घेऊन गेले. बाईंनी कापड सोडलं, धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

“किती वेळ?”

“तीस तास. थोडे जास्तच.”

“उष्णतेजवळ?”

“हो.”

“का?”

मी रामाच्या फोटोचं सांगितलं. मराठीत जे इतकं सरळ होतं, ते इंग्रजीत सांगताना मला स्वतःलाच खुळचट वाटायला लागलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तू येऊन सांगितलंस, त्याबद्दल आभारी आहे.” इंग्रज माणूस आभार मानायला लागला की समजावं, आता दार बंद होणार. तसंच झालं.

एक आठवडा गेला, दोन गेले. फोन नाही. करायची माझी हिंमत नाही. हॉस्पिटलात माझ्या हाताखाली लोक विव्हळायला लागले, तेव्हा सीनियरने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “देवाचं केलेलं वाया जात नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर पूजेवरून ओरडले. म्हटलं, “देवाला रेडिएटर दिसला नाही का?” तिने फोन ठेवून दिला. तेही मला लागलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने मला चिठ्ठी दिली. बाईंनी नाव सांगितलं नव्हतं, फक्त निरोप: शनिवारी सकाळी ये, गमबूट घालून ये.

गेले. बाई शेडमध्ये नव्हत्या, मागच्या सफरचंदांच्या झाडांमध्ये उभ्या होत्या. समोर पेंढ्याच्या गठ्ठ्यावर कागदी लक्ष्य, वीसेक पावलांवर. हातात तेच धनुष्य, दोरी चढवलेलं. मी जवळ जाऊन खोकले.

“तिथे उभी राहा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी बाण लावला आणि दोरी ओढायला लागल्या. मी सवयीने बघत होते: कोपर वर आहे, खांदा कानाकडे चढत नाहीये, मनगट सरळ. वीतभर अंतरावर त्या दरवेळी अडायच्या. ती वीत आली आणि गेली. दोरी गालाला लागली. बाई तशाच थांबल्या, मला वाटलं खूप वेळ, पण दोनच श्वास असतील. बाण सुटला आणि पेंढ्याच्या खालच्या कडेत जाऊन रुतला. दुसरा गवतात पडला. तिसरा कागदाला लागला.

मी शेडकडे निघाले, खिळ्यावरचा काटा आणायला. वाकून राहिलेल्या लाकडाची ओढ कमी होते, ती किती उतरलीय ते मोजायला हवं ना.

“तो राहू दे,” बाई मागून म्हणाल्या.

मी थांबले.

“पहिला आठवडा मी तुला शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने. मांजर घाबरलं. मग म्हटलं, किती वाया गेलंय ते तरी बघू, म्हणून दोरी चढवली.” त्यांनी धनुष्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, त्याच पैलूंवरून, त्या गाठीवरून. “एक तासणीसुद्धा निघालेली नाही. त्याचं सगळं लाकूड जागेवर आहे.”

“मी मुद्दाम नव्हतं केलं,” मी म्हटलं.

“माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर या बागेत पाय ठेवू दिला नसता. आणि विचारून केलं असतंस, तर मला नाहीच म्हणावं लागलं असतं.” त्या बाण गोळा करायला निघाल्या आणि चालता चालता म्हणाल्या, “बरं झालं, तू मला विचारलं नाहीस.”

मी सफरचंदाच्या झाडाला हात टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही. इतके दिवस मी स्वतःला दोष देत होते; तो दोष खोटा नव्हता, चूक माझीच होती. पण त्या चुकीतून बाईंची सुटका झाली होती, आणि माफी मागायला आलेली मी तिथे नुसती आनंदाने भरून उभी होते.

चहाच्या आधी त्यांनी कोपऱ्यातला एक यूचा ओंडका माझ्याकडे ढकलला. त्यांच्या नवऱ्याने फाडून वाळत घातलेला, पुढे हात न लावलेला. “हा तुझा,” त्या म्हणाल्या. “राग घरी ठेवून यायचं, आणि तुझी ती काळी पेन्सिल घेऊन यायचं. हात धुतलेस?”

मेच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. नवरासुद्धा झोप मोडून आला. क्लबातले दहा-बाराजण रेषेच्या मागे उभे राहिले आणि बाई एकट्या पुढे गेल्या. पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडे गवतात पडला. पूर्वी पोचायचा, आता पोचत नव्हता. वाकलेलं धनुष्य बाण हळू सोडतं. तरीही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण मोसम सुरू झाला होता. नवरा माझ्या कानात म्हणाला, “मिस झाला ना गं?” मी त्याला कोपर मारलं. दुसरा बाण लागला.

त्यानंतर दर खंडेनवमीला बाई स्वतः धनुष्य घेऊन आमच्या फ्लॅटवर यायला लागल्या. दोरी उतरवलेली, आणि आल्या आल्या पहिलं काम म्हणजे रेडिएटर बंद करून खुर्चीत कोट घालून बसायचं. पूजा संपली की काठी कापडात गुंडाळून घेऊन जायच्या, उत्तरपूजेला थांबायच्या नाहीत. आईला मी हे कधी सांगितलं नाही.

हॉस्पिटलातला तो फॉर्म मात्र तसाच आहे, ‘ध्येय: अपूर्ण’. बंद केलेल्या फाइलीत मागाहून काही लिहायला परवानगी नसते. आणि असती तरी पुढे पाउंडांचा आकडा घालावा लागला असता. तो मला माहीत नाही, बाईंनाही नाही. काटा अजून दाराजवळच्या खिळ्यालाच लटकलेला आहे.